बेहड्यातली बाळंतीण

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. वेदान्तातला नाही, घाबरू नका. मागच्या रांगेतल्यांनी भिंतीला टेकलेली पाठ टेकलेलीच ठेवली तरी चालेल.

प्रश्न असा – जो माणूस स्वतःच्या घरात टेबलावर ओला कप ठेवू देत नाही, पाय न पुसता आत आलेल्या मेव्हण्याकडे असा बघतो की मेव्हण्यानं उंबऱ्यावरूनच परत फिरावं – तोच माणूस सहलीला गेला, रानात शिरला, की पाण्याची बाटली चालता चालता मागे भिरकावून देतो. का? माणूस तोच, हात तोच. घाट उतरला की त्या हाताला होतं काय?

हसता काय! मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये. मी शेजारच्या गावाबद्दल बोलतोय. कीर्तनकारानं बोलायचं नेहमी शेजारच्या गावाबद्दल आणि जेवायचं तुमच्या गावात, अशी आमची रीत आहे.

तर अशा माणसाला शहाणपण येतं कशानं? दंडानं? धाकानं? पाटी लावून? – काय म्हणता मृदंगबुवा? बायकोनं? असेल बाबा. पण बायकोही सहलीला बरोबरच असते, आणि चिवड्याची रिकामी पाकिटं तिच्याच पिशवीतून निघालेली असतात. बघा, पुढच्या रांगेतल्या माउल्यांनी लगेच माझ्याकडे डोळे वटारले. राहू द्या. उत्तर मी देत नाही, कथाच देईल.

मंडळी, ऐका. खाली कोकणात, घाटाच्या पायथ्याशी कासरखोल नावाचं गाव. गावाला लागून देवराई. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही. मधोमध देवाचा पाषाण, ना कळस ना घंटा. त्या देवाचा पुजारी गुणाजी गुरव. कमरेत वाकलेला, तोंडात पानाचा विडा, आणि स्वभाव असा गरीब की अंगणात शिरलेल्या दुसऱ्याच्या म्हशीलासुद्धा हा "येवा" म्हणायचा.

त्या राईत एक बेहड्याचं झाड. त्याला उंचावर ढोली. आणि त्या ढोलीत दर वर्षी एक बाळंतीण येते.

दचकू नका. पक्षीण आहे. धनेश पक्ष्याची मादी. भली मोठी पिवळी चोच, पंख पसरले की वाटावं कुणी धोतर झटकलं. तिची रीत ऐका. अंडी घालायची वेळ आली की ती ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. माती, फळांचा गर, जे मिळेल ते कालवून! फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत बसली की पंखांची पिसंही झडतात. म्हणजे उडायची सोय संपली. मग महिनोन् महिने तिला जेवू कोण घालतं? नवरा! उंबर आणतो, पायरीची फळं आणतो, घशात साठवून आणतो, आणि फटीतून एकेक फळ तिच्या चोचीत देतो. दिवसभर खेपा. "आज जरा दमलोय" नाही, "बाहेरून मागवू का" नाही.

आता पुरुषमंडळी एकदम जमिनीकडे का बघायला लागली? सतरंजीवर काही पडलंय का?

पण हा नवरा भारी लाजाळू. झाडाखाली माणसांचा गलका असला की तो येतच नाही. लांब दरीपलीकडच्या झाडावर बसून राहतो. घास घशात, बायको भिंतीआड, आणि मधे आपण! गेल्या वर्षी असंच झालं होतं. सुट्ट्यांत गर्दी उसळली, नवऱ्याच्या खेपा तुटल्या. शेवटी ती उपाशी बाई ढोली फोडून वेळेआधीच बाहेर आली. एकटीच आली. पिल्लू आत मरून पडलं होतं. गुणाजी दोन दिवस जेवला नाही, मंडळी.

म्हणून यंदा गावानं कंबर कसली. सरपंच होत्या प्रमिलाताई धुरी, कामाला वाघ. त्यांनी आधी मोठी पाटी लावली – कचरा करू नये, गोंगाट करू नये, आज्ञेवरून. पाटी इतकी मोठी की तिची सावली छान पडायची. पाहुणे त्या सावलीत बसून जेवायचे आणि पत्रावळी पाटीलाच टेकवून जायचे! मग ताईंनी दुसरी युक्ती काढली. अफवा सोडली की राईत भूत आहे. आता सांगा, काय झालं असेल? बरोबर – गाड्या दुप्पट झाल्या! भुताबरोबर फोटो काढायला मुंबईहून माणसं यायला लागली. गावातले दुकानवाले खूश. त्याच दुकानांतून त्याच बाटल्या विकल्या जात होत्या, हेही जाता जाता सांगून ठेवतो. गाव काही अगदी धुतल्या तांदळासारखं नव्हतं.

आणि मग चैत्रातल्या एका रविवारी आले कोल्हापूरचे रणधीर इंगवले. बरोबर पत्नी शैलजा, मित्रमंडळी, मोठं पातेलं आणि लहान पिंपाएवढा स्पीकर. माणूस वाईट नाही हो! दिलदार. घरी आलेला पाहुणा यांच्याकडून जेवल्याशिवाय सुटायचा नाही. पण इथं आले ते थेट बेहड्याच्या बुंध्याशी. तीन दगड मांडले, पातेलं चढवलं, तांबडा रस्सा उकळायला लागला. चूल पेटली, तसा धूर चालला वर. स्पीकरवर गाणं असं की पाषाणातल्या देवानंही कानांत बोटं घालावीत!

वर बाळंतीण कोंडलेली. दरीपलीकडे तिचा नवरा सकाळपासून घास घेऊन बसलेला. ऊन चढत चाललं.

प्रमिलाताई गुरवाच्या अंगणात आल्या. म्हणाल्या, "गुणाजीकाका, माझी पाटी कोण वाचणत नाय. आज तुमी जावा. चांगले खडसावा तेंका."

गुणाजीचा विडा तोंडातच राहिला. "सरपंचबाई, माका जमाचा नाय. पाव्हण्यांका कसो ओरडू?"

"मगे ती थंय वर मरांदे?"

ही गोष्ट त्याच्या काळजाला लागली. उठला. ताई मागोमाग, त्यांच्यामागे चार बायका. राईत पोचला, इंगवल्यांच्या समोर उभा राहिला, तोंड उघडलं – आणि शब्द फुटेना. जन्मात कुणावर ओरडला नव्हता तो! घाम फुटला. इंगवल्यांना वाटलं म्हातारा उन्हानं थकलाय. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा मामा. पाणी देऊ? रस्सा झालाच बघा. जेवूनच जायचं."

आता आली का पंचाईत? ज्याला हाकलायला आला, तोच आग्रह करतोय! मग गुणाजीच्या तोंडून आपसूक तेच निघालं जे आयुष्यभर परक्या माणसाला तो विचारत आला होता.

"तुमचा नाव काय?"

इंगवले सावध झाले. "नाव कशाला ओ? तक्रार करणार काय?"

"नाय नाय. देवाक सांगूक व्हया. तुमी पयल्यांदा इलात मा? गाव खंयचो? आवशीचा नाव?"

मंडळी, त्या भागातली रीत सांगतो. गावात कुणी नवीन आलं, काही शुभ करायचं असलं, की गुरव देवापुढं उभा राहून मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. म्हणजे त्या माणसाचं नाव-गाव देवाला सांगायचं आणि त्याला सांभाळ म्हणायचं. जमलेल्यांनी म्हणायचं "व्हय म्हाराजा". इंगवले पडले भाविक. आईचं नाव सांगितलं, विमल. शैलजाताईंनी डोक्यावर पदर घेतला, स्पीकरचा आवाज बारीक केला, आणि सगळी मंडळी पाषाणापुढं हात जोडून उभी राहिली.

आणि गुणाजी गुरव, ज्याला माणसासमोर शब्द फुटत नव्हता, तो देवासमोर असा गरजला की झाडावरची माकडं गप्प झाली!

"हे देवा म्हाराजा! आज तुझ्या दारात कोल्हापूरच्या इंगवल्यांचो रणधीर, विमलबायचो झील, आपली माणसां घेवन इलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तो पाव्हणो, आमी यजमान. तुझ्या घरात बाळंतीण आसा. तिच्या घोवाक घास घेवन येवक गावणा नाय. ह्या तेका म्हायत नव्हता, म्हाराजा. आमी सांगूक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"तेव्हा तेच्याकडसून जा काय चुकला असात, ता तेच्या पदरात घालू नको. तेच्या पोराबाळांक लावू नको. ता आमच्या गावाच्या पदरात घाल. आनि तेका सुखान घराक पोचव, रे म्हाराजा!"

आता "व्हय म्हाराजा" म्हणायला बायकांचाही आवाज नीट निघाला नाही. कारण गुणाजी गावाच्या पदरात देवाचा कोप मागून घेत होता, आणि तो काय असतो ते त्यांना ठाऊक होतं.

इंगवल्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मामा, हे काय वेगळंच. चूक आमची आणि बोल तुमच्यावर? असं कुठं असतंय?"

"पाव्हण्याचो बोल यजमानावरच येता," गुणाजी म्हणाला. साधेपणानं म्हणाला, टोमणा नव्हता त्यात.

शैलजाताईंनी हळूच विचारलं, "बाळंतीण कुठं आहे?"

गुणाजीनं वर बोट दाखवलं. ढोलीच्या फटीत पिवळ्या चोचीचं टोक दिसत होतं. जरासं उघडं, धुरात.

मंडळी, पुढं कुणाला काही सांगावं लागलं नाही. स्पीकर बंद झाला. चुलीत पाणी ओतलं गेलं. आणि रस्सा? अर्धा कच्चा! कोल्हापूरच्या माणसानं उकळता तांबडा रस्सा चुलीवरून उतरवला, मंडळी! आपल्या पुराणांत त्यागाच्या पुष्कळ कथा आहेत, पण हीसुद्धा लहान धरू नका. सगळा पसारा उचलून ती माणसं पार लांब, ओहोळाच्या पलीकडे जाऊन बसली. बरोबर गुणाजी बसला.

बसले ते बसलेच. पाखरू येईना. इंगवले कुजबुजले, "येईल का ओ?" गुणाजी दरीकडंच बघत होता. त्याला तरी काय ठाऊक! इंगवल्यांची नजर हलेना. स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणात दवाखान्याबाहेर बसले होते तेव्हाही एवढे कासावीस नव्हते, असं शैलजाताईच म्हणाल्या.

इतक्यात दुसरी गाडी आली. कर्कश हॉर्न, खिडकीतून गाणं. गुणाजी उठायला लागला, तर इंगवल्यांनी त्याला खाली बसवलं. स्वतः पळत गेले, गाडीसमोर हात आडवा धरून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता भांडण जुंपतंय. पण हे गडी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले,

"पाव्हणं, जरा गाणं बंद करा. आमच्या इथं बाळंतीण आहे. नाव काय तुमचं? गाव कुठलं?"

आमच्या इथं! ऐकलंत? सकाळी आलेला माणूस, दुपारी म्हणतो – आमच्या इथं! ती पाटी कधीची उभी होती, तिच्यानं हे झालं नव्हतं.

आणि मग, मंडळी, दरीकडून घुं घुं असा वारा कापल्यासारखा आवाज आला. आला! बेहड्यावर बसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मान खाली वर केली, घशातून एक उंबर चोचीच्या टोकावर आणलं. फटीतून ती चोच पुढं झाली. घास दिला. मग दुसरा. मग तिसरा. पलीकडे बसलेली माणसं श्वास रोखून बघत होती. गुणाजी गुरव पटक्यानं डोळे पुसत होता आणि कुणाला ते दिसू नये म्हणून उन्हाला नावं ठेवत होता.

पुढं काय? ज्येष्ठात सरपंचबाईंना कोल्हापूरहून फोन. "इंगवले बोलतोय. आमची बाळंतीण सुटली काय?" सुटली होती, मंडळी. पिल्लासकट. इंगवल्यांनी म्हणे गल्लीत पेढे वाटले, आणि लोकांनी विचारलं कुणाला काय झालं, तर यांना सांगता येईना!

तर आता तुमच्याकडे वळतो. कुठं निघालात, बसा. पुढच्या सुट्टीत तुमच्यातले निम्मे कुठंतरी जाणार, गाड्या ठरल्यासुद्धा असतील. आणि इथं तुमच्या तळ्यावर परगावची माणसं येणारच आहेत. त्यांच्यासाठी पाट्या रंगवल्यात, बरं केलंत. पण एकाला तरी नाव विचारलंत? आपण ज्याला पाहुणा म्हणत नाही, तो पाहुण्यासारखा वागणार कसा? माणसाला ओरडून मोकळं होणं सोपं असतं. त्याची चूक आपल्या पदरात घेणं अवघड, म्हणून तर ते गुणाजीला देवासमोरच जमलं.

आणि तुम्ही जाल तेव्हा? ज्या रानात, ज्या किनाऱ्यावर, ज्या गडावर पाय ठेवाल, तिथं पातेलं उतरवायच्या आधी एवढंच विचारा – इथं घरात कोण आहे? कुणीतरी असतंच, मंडळी. ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

घ्या, टाळ उचला. आणि नाव घ्या, पण आज जरा हळू घ्या. मंडपाच्या वाशावर चिमणीचं घरटं आहे.