झटक्यांची वही

(सांगली. मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातलं बाकडं. आप्पासो, बायको मनुबाई आणि लेक शिवांजली.)

आप्पासो : वही कुठाय गं? पिशवीत दिसंना.

मनुबाई : ऱ्हाऊ द्या की. डॉक्टर काय तोंडी सांगितलेलं ऐकत न्हाईत?

आप्पासो : तोंडी? सहा वर्षं तुझा एकेक झटका लिहिलाय मी. तारीख, वेळ, किती मिनिटं. फौजेत सेंट्रीचं रजिस्टरबी एवढं नीट न्हवतं.

मनुबाई : मला तर कवा कवा वाटायचं, मीच सीमेपलीकडची हाय.

शिवांजली : आप्पा, वही माझ्याकडं आहे.

आप्पासो : ही बघ पोरी. पहिल्या वर्षी एकतीस. मग एकोणीस. औंदा तीन. हे बघूनच तर डॉक्टरांनी तिची एक गोळी बंद केली.

शिवांजली : आई, तू सांगतेस का मी सांगू?

आप्पासो : काय सांगायचंय?

मनुबाई : ...ते तीन खरं हायेत. तुमच्या म्होरं आलेले.

आप्पासो : म्हंजे?

मनुबाई : बाकीचे तुमी रानात गेल्यावर यायचे.

आप्पासो : किती?

मनुबाई : कवा आठवड्याला एक. कवा दोन.

शिवांजली : आईच्या हाताला भाजलंय ते दूध उतू जाऊन नाही, आप्पा. गॅसपाशी पडली होती. काल मी सासरहून, उंब्रजहून आले, तेव्हा मलाही कळलं.

आप्पासो : आन मला का न्हाई सांगितलंस?

मनुबाई : सांगून काय? एक लिहिला की आठ दिवस उंबऱ्यात बसून माझ्याकडं बघत ऱ्हायचा. रान पडून. जेवण न्हाई. डॉक्टर ‘छान’ म्हणाले, तवा सगळ्या गल्लीला पेढे वाटलेत तुमी. मग मला बोलवंना.

आप्पासो : गोळी माझ्या वहीनं बंद केली.

शिवांजली : आप्पा, तुम्ही दिसलं तेवढं खरंच लिहिलंत.

आप्पासो : पेन दे. नंबर यायला दोघं हायेत अजून. सांग गं, कवा कवा?

मनुबाई : मला कसं कळणार? जाग आली की जीभ चावलेली असायची, तवा समजायचं.

आप्पासो : एखादा तरी आठव.

मनुबाई : पंचमीच्या आदल्या दिवशी एक...

आप्पासो : किती वाजता?

मनुबाई : ...का पंचमी झाल्यावर होता, अवं?