कललेली निलगिरी

सरकारी खिडकीसमोरच्या रांगेत माझ्या पुढे मिरजगावचे रंगनाथराव उभे होते. खिडकीच्या आत सुमंत साहेब.

“काका, देशाचं पर्यावरण धोरण आता वयात आलंय. शाश्वत विकास! पुढच्या सात पिढ्यांचा विचार!”

“व्हय. पन आमची निलगिरी घरावर कललीय, अन् खाली म्हातारी आई झोपती. तेवढी तोडू द्या.”

“लावलीच कशाला?”

“आमी न्हाई, सरकारनं लावली. वडलांचा सत्कार करून रोपं दिली हुती.”

“अहो, ती पाणी शोषते म्हणून नंतर तोडायला सांगितलं होतं ना?”

“तवाच अर्ज केला. तेवढ्यात झाडं वाचवायचं धोरन आलं.”

“बरोबर. आता समतोलाचं धोरण आहे. समिती येऊन बुंधा मोजेल. त्याआधी तुम्ही दहा झाडं लावून फोटो टाकायचे.”

“लावतो की. रोपं कुठं मिळत्याल?”

“इथंच, मोफत.”

“कसली?”

“सध्या निलगिरीच शिल्लक आहे.”

“द्या. समिती कवा येनार?”

“पावसाळा संपला की.”

“मंग साहेब, तवर आईची खाट तुमच्या व्हरांड्यात टाकू का?”