दोन ऑक्टोबरच्या आधी

नाय मॅडम, ती तारखांची चकती परत एकदा फिरवा. बरोबरच असंल हो, पन माझ्या समाधानासाठी फिरवा. शेवटची पाळी वीस डिसेंबर — वीसच, मला पक्कं आठवतंय, त्या दिवशी पंचायत समितीत मीटिंग व्हती आनि मी पोट दाबून तीन तास खुर्चीत बसले व्हते — तर वीस डिसेंबर, आनि तुमची चकती म्हनते बाळंतपन सत्तावीस सप्टेंबरला. झालं! पाच दिवस. पाच दिवसांसाठी सगळं मुसळ केरात. दार नीट लागलंय का हो? सासू बाहेर बाकड्यावर बसलीय. तिला वाटतंय मी आत मुलगा का मुलगी ते विचारते. विचारायचं नसतं, भिंतीवर पाटी लावलीय, तिला वाचता येत नाय म्हनून ती रस्ताभर मला कोपरानं ढोसत आली — विचार, हळूच विचार.

कशाचे पाच दिवस? सांगते. नायतर तुमाला वाटंल ही बाई येडी हाय, तारखेसाठी भाजीवालीसारखी घासाघीस करते. मी सरपंच हाय मॅडम. खरंच! आमच्या गावची. नाय वाटत ना? मलाच दोन वर्षं वाटत नव्हतं. बाईची सीट निघाली, यांनी फॉर्म आनला, मी सही केली, निवडून आले — गुलाल यांच्या डोक्यावर, हार यांच्या गळ्यात. पुढं पन तेच, हे बोट ठेवतील तिथं ‘किशोरी’ लिहायचं आनि चहा टाकायला उठायचं. आनि सरपंचाला कायदा असा हाय की दोनाच्या वर मूल झालं की खुर्ची गेली. तिसरं जन्मलं, दाखला निघाला, कोनी कलेक्टरकडं तक्रार टाकली — संपलं. मला दोन मुली हायत. अनुष्का पाचवीला, कीर्ती दुसरीला. हे तिसरं.

जाऊ दे ना खुर्ची, म्हनाल. मी पन म्हनले असते. पन क्वारी हाय ना! आमच्या डोंगराला दगडाची क्वारी लागायचीय. त्याच डोंगरातनं आमच्या विहिरीला पानी येतं, अख्खं गाव त्याच्यावर जगतं. मागच्या डिसेंबरात यांनी फाईल पुढं केली, म्हनाले कर सही. त्या दिवशी काय झालं कोन जाने, मी ती वाचली. पहिल्यांदा वाचली हो फाईल! आनि पेन खाली ठेवला. नाय करनार, मी म्हनले. हे म्हनाले, नाकापेक्षा मोती जड झाला. महिनाभर बोलले नायत माझ्याशी — ताट ठेवलं की जेवायचे, उचललं की उठायचे. आता तीच फाईल दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला परत येनार. त्या दिवशी नाय झालं तर क्वारीवाल्याची मुदत संपते, तो दुसरा डोंगर बघंल. म्हंजे त्या दिवशी मी खुर्चीत पायजे. मी नसले तर उपसरपंच बसनार — महादेव, माझा चुलत दीर. तो दोन्ही हातांनी सही करील.

म्हनून म्हनते, जरा ऐका माझं. वीस डिसेंबरला माझ्या पोटात काय व्हतं? काय नव्हतं! पाळी चालू व्हती, मूल कुठनं असंल? तुमीच मगाशी म्हनालात, गर्भ राहिला तो जानेवारीच्या सुरवातीला. मग ते पहिले दोन आठवडे फुकटचे ना? ते काढा. चौदा आठवडे सांगता ना, बारा लिहा — मग तारीख जाते अकरा ऑक्टोबरवर. कागदावर लिहून काय उपेग? ... हां. चाळीस आठवड्यांत ते दोन धरलेलेच हायत. जगभर तसंच मोजतात. मशीनवर मापलं तरी तेच येतंय. हो, कळतंय मला, मी काय अडानी नाय — मी आपलं विचारून बघितलं. पोटातल्याला कुठं वाचता येतंय कागदावर काय लिहिलंय ते. पन मागंपुढं तर होतं ना? अनुष्का दहा दिवस उशिरा आली, कीर्ती सहा दिवस आधी. बघा, तुमीच सांगता, नेमक्या तारखेला शंभरात चार-पाचच होतात. म्हंजे हे दहा दिवस थांबू शकतं. आनि आधी पन येऊ शकतं. म्हंजे मी नऊ महिने पोटावर हात ठेवून बसायचं, नि म्हनायचं बाबा थांब — आईनं कधी लेकराला असं म्हनावं का?

नाय, तुमी जे विचारताय ना... ते पन मनात आलं व्हतं. खोटं कशाला बोलू. परवापर्यंत तेच मनात व्हतं. वीस आठवड्यांपर्यंत पाडता येतं — मी विचारून ठेवलेलं सगळं. पन तुमी मगाशी मशीन लावलं, तवा मी तोंड भिंतीकडं फिरवून पडले व्हते, बघायचंच नाय म्हनून. मग तो आवाज आला. घोडा धावल्यासारखा. मी फिरले, बघितलं. आता नाय होनार माझ्याच्यानं. राग हाय मॅडम, लय राग हाय मला याचा, पन त्याचा काय दोष? तो काय अर्ज करून आला?

काय म्हनालात?

कोनी फोन केला? यांनी? कधी, आज सकाळी? ... हां, नंबर मीच दिला व्हता त्यांना. नाय, काळजीनं करतील, का नाय करनार, बाप हाय — काय विचारलं? परत सांगा. दोन ऑक्टोबरच्या आधी का नंतर? असंच विचारलं, तारखेसकट?

थांबा जरा. पानी द्या.

मी दोन ऑक्टोबरचं नाव घरात काढलेलं नाय हो. एका शब्दानं नाय. मला वाटलं, हा हिशेब माझ्या एकटीच्या डोक्यात हाय. मला वाटलं, त्यांना मूल पायजे, मुलगा पायजे, माझी खुर्ची गेली तर त्यांचंच नुकसान, त्यांच्या ध्यानातच नाय आलं — मीच त्यांना कसं सांगू म्हनून झुरत व्हते! आता एकेक जुळतंय बघा. आशाताई मूल न राहायच्या गोळ्या द्यायची ते पाकीट माझं साड्यांच्या खाली असायचं. डिसेंबर सरता सरता गेलं. हे म्हनाले, मीच फेकलं, तारीख उलटलेली, पनवेलहून नवं आनतो. उद्या आनतो, परवा आनतो. आनि महिनाभर मुकं बसलेलं मानूस थर्टीफर्स्टला मटन घेऊन आलं. स्वतः शिजवलं हो! मुलींना वाढलं, मला वाढलं. म्हनाले, किशोरी, सोड ते सगळं, घरात हसतखेळत राहू. आनि मी... मी खुश झाले मॅडम. लाज वाटते सांगायला. मी म्हनाले, निवळला मानूस. केसांत गजरा घातला व्हता मी.

नाय, रडत नाय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, रडून कोनाला सांगायचं? सासूला? ती म्हनंल, नवऱ्यानं मूल दिलं तर हिचं दुखतं कुठं. माहेरी गेले तर भाऊ दोन दिवस ठेवील, तिसऱ्या दिवशी मिनीडोरला बसवून देईल. दोन मुली हायत, हे एक पोटात, कुठं जानार? घरीच जायचंय मला. आज पन त्यांच्यासाठी भाकरी थापायच्या हायत. आनि मी विचारायचं, चटनी वाढू का.

ती चकती द्या बघू इकडं. नाय, द्या, मी फिरवते. हां — एक मे. एक मेला किती आठवडे भरतात मला? एकोनीसला एक दिवस कमी. पोट दिसतं का त्यात? सैल साडी नेसले तर? तिसऱ्याला लवकर दिसतं, हो ना... पन दिसलं तरी खुर्ची दिसन्यावर नाय जात, जन्मल्यावर जाते. एक मेला पन ग्रामसभा असते मॅडम. तवा मी सरपंच हाय, कोनी उठवू शकत नाय मला. क्वारीवाल्याची फाईल यायची वाट कशाला बघू? मीच विषय मांडते, आमच्या डोंगराला क्वारी नको. माझी एकटीची सही नको त्याला, गावानं हात वर करावे, मग खुर्चीत महादेव बसला तरी ठराव गावाचा. बाया येतील. हंडे त्यांच्या डोक्यावर असतात, दादल्यांच्या नाय. बोलतील का, ते नाय सांगता येत — मी पन दोन वर्षं कुठं बोलत व्हते? नवऱ्यांसमोर हात वर करायचाय त्यांना. आनि मला पन. हे समोरच बसलेले असतील, पहिल्या रांगेत.

उलट्या? थांबल्यात आता. लोहाच्या गोळ्या घेईन. हो, जेवनानंतर. पुढच्या महिन्यात येईन, तुमी म्हनता ती तपासनी पन करीन.

आनि यांचा फोन आला ना संध्याकाळी, तर खरं तेच सांगा. सत्तावीस सप्टेंबर. माझ्यासाठी खोटं बोलू नका, उलट चांगलं ठासून सांगा, दोन ऑक्टोबरच्या आधीच हाय म्हना. निवांत बसू दे त्यांना. पेढे वाटू दे.

एवढंच मॅडम. खुर्ची सप्टेंबरात जानारच, ते कळलंय मला, त्याचं एवढं नाय. पन हे मोठं होईल. याला भूक लागंल, हे शाळेत जाईल, बापाच्या खांद्यावर बसंल. आनि मी रोज बघनार त्या दोघांना आनि मला ठाव असनार, याला कशापायी... कोनी सांगू नये हो याला कधी. तुमी, मी, आनि ते. बस, तिघांनाच ठाव हाय.

आले आई! आले! — बोलवा पुढचीला.