म्हाताऱ्याचा रुबाब आणि डोक्यातलं पाणी

...आणि वर मलाच म्हणायचे, "सिएनी, नशीब काढलंस हो, काय तुझ्या नवऱ्याचा रुबाब!" रुबाब? तुम्हाला सांगते, या गावाला ना, रुबाब आणि रोग यातला फरकच कळत नाही! तुम्ही पलीकडच्या गावच्या, चटया विणायला आजच आलात, म्हणून पहिल्यापासून सांगते. हात चालू ठेवा.

आमचा पेसामिनो म्हणजे गावाचा वक्ता. लग्न असो, मयत असो, पाहुणे येवोत, हातात काठी, खांद्यावर चवरी टाकून गावाच्या वतीनं बोलायचं काम त्याचं. आणि बोलणं कसं? लाह्या फुटाव्यात तसं! चालणंही तसंच, तुरुतुरु. तर दोन वर्षांपूर्वी हा माणूस हळू झाला. पाय म्हणून उचलायचा नाही, जमिनीला चिकटल्यासारखा नुसता सरकवायचा. सभाघराच्या पायरीशी तर थांबायचाच... ढिम्म! आणि आत बसलेली सगळी मोठी मंडळी एकमेकांच्या कानात, "बघा, बघा, आता कसा भारदस्त झालाय! पूर्वी जरा उथळच होता." भाषणात मधेच गप्प व्हायचा. इतका गप्प, की बाहेर डुकरं भांडलेली ऐकू यायची. आणि तो तोगिआ, आमच्या गावचा दुसरा वक्ता, डोळे पुसत म्हणतो, "अहाहा, काय ते मौन! आमच्या बापजाद्यांनंतर असा वक्ता झाला नाही." अरे मौन कसलं मेल्या, तो पुढचं वाक्य विसरला होता! रुबाब म्हणे रुबाब!

तिसरी गोष्ट मात्र गावाला ठाऊक नव्हती. ती माझ्या दोरीवर वाळत असायची. रोज सकाळी त्याचा लावालावा, कमरेला गुंडाळायचं ते कापड, ओला. शेजारीण विचारायची, "दिवसाला चार-चार लावालावा लागतात गं त्याला नेसायला?" मी म्हणायची, "स्वच्छतेची आवड आहे हो त्याला!" काय सांगणार? वक्त्याची बायको ना मी!

मग एका सकाळी मी त्याच्यापुढे कोको ठेवला. माझ्याकडे बघून हसला, फार अदबीनं, आणि म्हणाला, "उपकार झाले, बाई. आपण कुणाच्या घरच्या?" नऊ पोरं काढलीत हो मी या माणसाची! मी म्हटलं, "इथलीच, इथलीच," आणि मागे चुलीपाशी जाऊन पोटभर रडले. धूर गेला डोळ्यांत, असं सांगितलं सगळ्यांना.

ऑकलंडच्या लेकीला, माकेरिताला, फोन लावला. म्हणते, "आई, बाबांचं वय झालं, आता असंच चालायचं." म्हटलं, "वय माझंही झालंय, मी विसरले का तुझं थोबाड? तिकिटं काढ!"

तिथली डॉक्टरीण नायरी, एवढीशी पोर. म्हणाली, "आजोबा, जरा चालून दाखवा." हा निघाला. सरक... सरक... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी घाईनं म्हटलं, "आमच्याकडे मोठी माणसं अशीच चालतात, रुबाबात!" ती म्हणाली, "रुबाब नाही आजी, पाणी तुंबलंय."

"कुठे?"

"डोक्यात!"

तर म्हणे मेंदूत पाणी असतं. रोज ताजं होतं, मेंदू धुतं, आतला केरकचरा उचलतं आणि निचरून रक्तात जातं. सगळ्यांच्या डोक्यात! तोगिआच्यासुद्धा... आता तिथे धुवायला काय सापडतं, ते देव जाणे. आमच्या म्हाताऱ्याचा निचरा मंदावला होता. पाणी साठून मेंदूला आतून दाबत होतं. "पाठीत सुई घालून थोडं काढून बघू," ती म्हणाली, "चालणं सुधारलं तर मार्ग आहे. नाही सुधारलं, तर..." आणि गप्प बसली. ते मात्र खरं मौन होतं हो.

काढलं. स्वच्छ, नितळ, शहाळ्यातल्यासारखं. एवढ्याशा पाण्यात माझा नवरा बुडत होता? संध्याकाळी मी डोळे मिटून प्रार्थना करतेय, तर कानावर पावलं. सरक-सरक नाही... टप, टप, टप! बघते तर पलंग रिकामा! स्वारी बाहेर, पाठ उघडी टाकणारा तो दवाखान्याचा झगा घालून, पुढे हा आणि मागे धावणारी नर्स! रुबाब म्हणे रुबाब! आख्ख्या ऑकलंडनं बघितला त्या दिवशी. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

मग कातडीखालून बारीकशी नळी घातली, डोक्यापासून थेट पोटापर्यंत. जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि पोट ते जिरवतं. म्हटलं, याच्या पोटानं आजवर डुकरंच्या डुकरं जिरवलीत, पाण्याचं काय घेऊन बसलात!

गावाची मात्र घोर निराशा झाली. पहिल्याच सभेला हा तुरुतुरु चढला, भराभरा बोलला, वर दोन चावट विनोद! तोगिआ मला म्हणतो, "वहिनी, सोन्यासारखा माणूस ऑकलंडनं बिघडवला हो." बिघडू दे! त्या डॉक्टर पोरीचं देव भलं करो. रोज प्रार्थनेत तिचं नाव माकेरिताच्या आधी घेते मी, माकेरिता रुसते तर रुसो. सगळी आठवण नाही परत आली त्याची, जुनी कितीतरी भाषणं गेली ती गेली. पण जेवढी आली...

ऐकलंत? "सिएनी! अगं ए सिएनी! माझी चवरी कुठे ठेवलीस?" खांद्यावरच असेल मेल्याच्या! दिवसभर हेच. कान किटले माझे... अगं नाही, नाही, कुणी ओ देऊ नका! विणा, विणा. नाव बरोबर घेतोय ना? मग घेऊ दे आणखी दोनदा.