बेडशाच्या कोंबड्या

कौन्सिलचे मेंबर माधवराव लोणावळ्याच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. त्यांच्या पाठीमागच्या बाकावर बेडशाचे दोन शेतकरी टेकले होते.

“आपला मेंबर वरसात किती येळा बोलला?”

“येकदाच. आपल्या वढ्यावर पूल कवा बांदनार, आसं इचारलं.”

“मंग?”

“मंग चौकशीला सायेब आलं. तीन दीस ऱ्हायलं. गावाच्या सात कोंबड्या खाल्ल्या.”

“आन पूल?”

“वढा बगून गेलं की.”

“उद्या परत इचारनार म्हनं.”

“आसं? मंग आमच्या घरच्या बयाबाईला सांगतो, कोंबड्या घिऊन म्हायेरी जा.”

माधवरावांनी खिशातून उद्याच्या प्रश्नाचा कागद काढला आणि खाली एक ओळ वाढवली: ‘चौकशीस येणारे साहेब या खेपेस डबा घरून आणतील काय?’