इंजिनाखालची रबरं

गॅरेजच्या बाकावर पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या आजींना शेजारचं बोलणं ऐकू येत होतं. एका म्हाताऱ्याने आपली जुनी घरगाडी आणली होती. आतच पलंग, आतच शेगडी.

"मिस्त्री, गाडी फार थरथरते. इंजिन गेलं असेल तर सरळ सांगा. राहायला दुसरं घर नाही मला."

"काका, साप साप म्हणून भुई कशाला धोपटता? गिअर न टाकता रेस द्या. हं. उभी गाडीही थरथरतेय, म्हणजे चाकं फिरवणारा शाफ्ट बिघडलेला नाही. इंजिनाखालची रबरं झिजलीत. बदलली की झालं."

"एवढंच? वाचवलंत बुवा."

"पण ही आजकालची झीज नाही. कित्येक वर्षं स्टिअरिंगने हाताला मुंग्या येत असणार. कळलं नाही तुम्हाला?"

"गाडी आमची ही चालवायची. मी मागे पलंगावर. मला तर पाळण्यासारखं वाटायचं, डोळा लागायचा. ही गेल्यापासून मी चालवतोय."

"काकू कधी बोलल्या नाहीत?"

"नाही. मुक्कामाला पोचलो की गरम पाण्यात हात बुडवून बसायची. मी म्हणायचो, चहापुरतं तरी ठेव गं बाई."