हळद न लागलेली वायर

नाव: प्रतिक्षा यशपाल सरवदे, वय २६ वर्षे, धंदा: नोकरी (खाजगी पॅथॉलॉजी लॅब, संगणक विभाग), रा. जुळे सोलापूर.

आज दि. ३/१०/२०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, लॅबचे व्यवस्थापक यज्ञेश्वर दंडवते यांनी मी सर्व्हर बंद पाडल्याची तक्रार दिली आहे. सर्व्हर मी बंद केला, हे खरे आहे.

दि. १ रोजी खंडेनवमी होती. सकाळी ११ वाजता श्री. दंडवते यांनी सर्व्हरची पूजा केली. पुजलेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असा लॅबचा रिवाज आहे. पूजेला मला बोलावले नव्हते. पेढा टेबलावर मिळाला. नंतर ते मोहोळला गेले.

१२.१० वाजता रुग्णांचे रिपोर्ट उघडेनासे झाले. बाहेरून कोणीतरी शिरून फाइलींना कुलूप घालत होते, मिनिटाला साधारण दोनशे. एकूण रिपोर्ट एक्केचाळीस हजार. दुसरी प्रत नाही. ती काढण्याचा माझा अर्ज फेब्रुवारीपासून व्यवस्थापकांकडे सहीसाठी पडून आहे.

अशा प्रसंगासाठी लॅबची नऊ पायऱ्यांची लेखी पद्धत आहे. एक झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. तिसरी पायरी, फॉर्मवर व्यवस्थापकांची सही. सातवी, वीज तोडणे. मी त्यांना फोन केला.

"फॉर्म भरला का?"

"सर, फॉर्म सर्व्हरवर आहे. त्यालाही कुलूप लागलंय."

"मग प्रिंट काढून भरा. आणि पूजेला हात लावू नका."

त्यांनी फोन ठेवला.

सफाई कामगार मीनाबाई तेथे हजर होत्या. त्या म्हणाल्या, "हळद डब्याला लावलीय की. वायरीला कुटं लावलीय? वढा." तिसरी सोडून थेट सातवी पायरी घेणे पद्धतीत नाही. १२.१९ वाजता मी वायर ओढली. हार हलला नाही. सुमारे अठराशे रिपोर्ट गेले. बाकीचे रिपोर्ट, सर्व्हर बंद आहे तोवर, शाबूत आहेत.

सर्व्हर सध्या ठाण्यात जमा आहे. हवालदार बिरुदेव यांनी आत्ता मला सांगितले, "मॅडम, मुद्देमाल आधी चालू करून बघावा लागतोय. छापील नमुन्यात तसंच हाय." चालू केल्यास कुलूप घालणे पुन्हा सुरू होईल, असे मी सांगितले. "ते पंचनामा झाल्यावर बघू की," असे ते म्हणाले.

या सर्व्हरला साधी वायर बसत नाही. त्याची वायर माझ्या पर्समध्ये आहे. तज्ज्ञ येऊन डिस्कची प्रत काढेपर्यंत ती तिथेच राहील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तेच लिहिले आहे. सही करते. वायर देत नाही.